रशीदनं जुनं केलेलं घड्याळ

रशीद,

परवा तुझ्यावर माती लोटून आलो आणि काल सकाळी सवयीनं दुकान उघडलं. शटर वर गेलं, उदबत्ती लागली, बियाण्यांच्या पोत्यांवरून फडकं फिरलं आणि मग मी आपल्या दोघांच्या मधल्या भिंतीवर थाप मारली. चहाची. पलीकडून तुझी थाप यायला पाहिजे, 'आलोच' म्हणून. मी फडकं हातात धरून वाट पाहत उभा राहिलो आणि मग लक्षात आलं. तेवढ्यात चहावाला नेहमीसारखे दोन कप घेऊन आला. त्याच्याही लक्षात राहिलं नव्हतं. दोन्ही कप मीच प्यायलो. तुझा कप म्हणजे नुसता पाक, शमीमभाभींपासून लपून घेतलेला. मला तो सोसत नाही, पण काल प्यायलो.

लोक येऊन बसताहेत. मोठा कारागीर गेला म्हणतात, असा माणूस पांढरकवड्यात पुन्हा होणार नाही म्हणतात. म्हणू देत, त्यांचं खरंच आहे. पण मला तू आठवतोस तो भांडताना. माझं कृषी केंद्र आणि तुझं घड्याळाचं दुकान, मधे एक भिंत, आणि भांडायला विषय म्हणून आख्खी दुनिया. पाऊस कधी पडणार इथपासून पुलावात बटाटा असावा की नाही इथपर्यंत आपण भांडलो. बहुतेक भांडणं मी जिंकली. तू इथे असतास तर हे वाक्य खोडायला लावलं असतंस, म्हणून मुद्दाम लिहून ठेवतो.

एक भांडण मात्र अर्धं राहिलं. ते निखिलनं पाठवलेल्या घड्याळाचं.

त्याआधी तुझ्या कामाबद्दल थोडं बोलू दे, कारण सगळा घोटाळा त्यातूनच झाला. तुझं आयुष्य गेलं जुन्याचं नवं करण्यात. लग्नसराई आली की मुकुटबनकडून, झरीकडून, केळापूरकडून लोक यायचे. कुणाच्या आजोबांचं घड्याळ पेटीत पडलेलं असायचं, ते नवरदेवाच्या मनगटावर चढवायचं असायचं. त्यांची मागणी एकच, घड्याळ आजोबांचं असू दे पण दिसलं पाहिजे नवं कोरं. मांडवात नवरदेवाचा हात वर झाला की चकाकलं पाहिजे. तू घड्याळाची धातूची केस घासून द्यायचास, काच बदलायचास, पिवळे पडलेले आकडे खरवडून त्यात पांढरं रेडियम भरायचास. आणि जे जे काढलं असेल ते सगळं, गंजका स्क्रूसुद्धा, कागदाच्या पुडीत बांधून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचास. काय जुनं राहिलं आणि काय नवं घातलं, हे तोंडानं सांगितल्याशिवाय तू घड्याळ कधी दिलं नाहीस. काही गिऱ्हाइकं कंटाळायची, तरी तू सांगायचासच.

तर निखिलचं कुरिअर आलं ते पोळ्याच्या आसपास. त्या काळात माझं आणि पोराचं कसं चाललं होतं ते तुझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. पुण्याची नोकरी सोडून दुकानात ये, असं मी त्याला एकदा नाही, पुष्कळदा म्हणालो होतो, आणि प्रत्येक वेळी आवाज चढवून. मग त्याचे फोन आखडत गेले. जेवलात का, जेवलो. पाऊस आहे का, आहे. मम्मीला द्या, देतो. मंदा फोन घेऊन आत जायची आणि मी पोत्यांवरचे भाव वाचत बसायचो, जसे काही ते मला पाठ नव्हते. म्हणून त्यानं आपल्या मनानं माझ्यासाठी काही पाठवलं याचाच मला इतका आनंद झाला की डबा मी दुकानात सगळ्यांसमोर उघडला.

आत घड्याळ निघालं ते असं. आकडे पिवळट, जुन्या दातांसारखे. केस तांबूस धातूची आणि काळवंडलेली, देवघरातली समई महिनोन्महिने न घासल्यासारखी. डायल मधे बरी, कडेला करपलेली. पट्टा कुणीतरी दहा वर्षं वापरून टाकलेला वाटावा असा. पोराला कुणीतरी फसवलं. मोबाइलवर नवं घड्याळ दाखवलं आणि वापरलेलं पाठवून दिलं, आणि त्या बिचाऱ्यानं न पाहताच ते सरळ माझ्या पत्त्यावर मागवलेलं. त्याला कळलं तर काय वाटेल? बापाला पहिल्यांदा काही दिलं आणि ते असलं. मी डबा बंद केला आणि भिंतीला वळसा घालून तुझ्याकडे आलो.

तू भिंग डोळ्याला लावलंस, मागचं झाकण उघडलंस आणि आत वाकून पाहिलंस. मग म्हणालास, "मशीन एकदम कोरी हाय. अंगच तेवढं म्हातारं. कोणंतरी जुन्या केसमंधी नवीन मशीन टाकून इकली तुह्या पोराले."

तुझंही चुकलं नव्हतं. तुझ्या धंद्यात तेच व्हायचं. कोरं मशीन आणि थकलेलं अंग एकत्र दिसलं की समजायचं, कुणीतरी दोन घड्याळांचं एक केलंय. कुणी शहाणी कंपनी नवं घड्याळ मुद्दाम म्हातारं करून विकत असेल, हे तुझ्या काय, माझ्या बापाच्याही डोक्यात आलं नसतं. मी तुला म्हणालो, पोराला कळता कामा नये, तू याला नवं करून टाक. तू मान हलवलीस. असली लपवाछपवी तुला आवडायची नाही, पण एका पोराला वाईट वाटू नये म्हणून आहे म्हटल्यावर तू कामाला लागलास.

आणि काय काम केलंस रे. चिंच आणि मिठानं केस घासून मग बफ मारलास, तर ती सोन्यासारखी पिवळीधमक झाली. सगळे आकडे खरवडून पांढरे केलेस. काळा नवा पट्टा घातलास. पिवळी भुकटी आणि तो जुना पट्टा पुडीत बांधून मला दिलास. मी ते घड्याळ घालून बाजारातून दोन चकरा मारल्या. विचारणाऱ्यांना सांगत होतो, पोरानं पाठवलं, पुण्याहून.

त्याच आठवड्यात निखिलचा फोन आला. या वेळी त्यानं मम्मीला द्या म्हटलं नाही. म्हणाला, "पप्पा, कसं वाटलं? तो जुना लूक मुद्दाम घेतला मी. नवीनच आहे ते, पण कंपनीच तसं बनवते. लई दिवस शोधत होतो. चकचकीत काही तुमच्या हातात शोभलं नसतं."

मी म्हणालो, फार छान आहे, फार आवडलं. मनगटावरचं घड्याळ ट्यूबलाइटच्या उजेडात असं चमकत होतं की मी दुसऱ्या हातानं झाकलं, जसा काही तो मला फोनमधून पाहत होता.

धावत तुझ्याकडे आलो. तुला आधी खरंच वाटेना. मग तूच मोबाइलवर शोधलंस आणि अशी घड्याळं रांगेनं पाहिलीस, सगळी कोरी आणि सगळी म्हातारी. तू कपाळाला हात लावलास आणि इतका हसलास की समोरच्या हॉटेलवाल्यानं डोकं बाहेर काढलं. मी नाही हसलो. दिवाळीला निखिल येणार होता. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा माझ्याशी आपणहून दोन शब्द जास्त बोलला, आणि ज्या वस्तूमुळे बोलला ती मी चिंच लावून घासून काढली होती. हे त्याला कसं सांगायचं? मी तुला म्हणालो, आता याला परत जुनं कर.

तुझं हसणं थांबलं. "वय उतरवता येते गड्या. चढवता नाई येत. आन् पोराले सांगून टाक ना सरळ. तो का तुले खाईल?"

मी ऐकलं नाही. दोन दिवस तुझ्या मागे लागलो. शेवटी तू तयार झालास ते एका अटीवर. "काम करून देतो. पण झूट मी नाई बोलणार. त्यानं मले इचारलं, तं मी सांगीन." मी म्हणालो, विचारतो कशाला, तो तुझ्याकडे येईल तेव्हा मी सोबत असेन.

पुढचे दिवस आठवले की आजही हसू येतं. आकड्यांसाठी तू रेडियममध्ये हळद घातलीस तर रंग पुरणासारखा आला. मग हळदीत चिमूटभर गेरू, तर विटेसारखा. वाळवून, उन्हात ठेवून, पुन्हा खरवडून एकदाचा जमला. केस काळी करायला अंडी लागतात हे तू कुठल्याशा व्हिडिओत पाहिलंस. उकडलेली अंडी फोडून डब्यात ठेवायची, त्यात केस ठेवायची आणि झाकण घट्ट लावायचं. आमच्या घरात अंड्याला प्रवेश नाही, म्हणून ते काम भाभींकडे गेलं. त्यांनी अंडी उकडली आणि विचारलं, हे घड्याळाले चारून राह्यले का तुम्ही? सकाळी डबा उघडला तर वासानं आपण दोघं दोन बाजूंना पळालो. पण केस काळवंडली होती. कंपनीसारखी एकसारखी नाही, एका बाजूला जरा जास्तच, पण काळवंडली होती. मी ती पुडी सोडून आतला जुना पट्टा दिला, तो तू परत चढवलास. तू घड्याळ हातात फिरवत राहिलास आणि म्हणालास, "उभ्या आयुष्यात पयल्यांदा कोणाचं घड्याळ खराब करून दिलं, थेही दोस्ताचं." मी तुला मिठी मारली. तुझ्या शर्टालासुद्धा अंड्याचा वास येत होता.

दिवाळीला निखिल आला. चहा पिताना त्यानं माझा हात हातात घेतला, घड्याळ इकडून तिकडून पाहिलं आणि म्हणाला, छान दिसतंय पप्पा. एवढंच. माझा जीव भांड्यात पडला. पाडवा झाल्यावर तुझ्याकडे येऊन मी ऐटीत सांगितलं की पोरानं ओळखलं नाही, तू जिंकलास. तू भिंग डोळ्याला लावून कुणाचं तरी घड्याळ उघडत होतास. "बरं झालं," म्हणालास.

आणि काम झालं होतंच. त्या दिवाळीनंतर निखिल दर रविवारी फोन करायला लागला. आणि मम्मीला नाही, मला. हरभरा कसा आहे, तुमच्या गुडघ्याचं काय, गिऱ्हाईक उधारीवरून फार सतावतात का. पुढे तर दुकानाचा सगळा हिशेब त्यानं मोबाइलवर लावून दिला, येतो म्हणाला नाही, पण दुकान माझं एकट्याचं राहू दिलं नाही. मीही मग नोकरी सोड म्हणायचं सोडून दिलं. मी हे सगळं श्रेय त्या घड्याळाला द्यायचो. तुझ्या हळद-गेरूला आणि भाभींच्या अंड्यांना. किती वेळा तुझे आभार मानले असतील.

तिथूनच आपलं ते भांडण सुरू झालं. नवं घड्याळ मुद्दाम जुनं करणं खोटं की खरं? तू म्हणायचास, सरळ सरळ सोंग. जुनं होणं म्हणजे काही रंग नाही, लावला आणि झालं. घामानं पट्टा काळा पडतो तो त्या माणसाच्या घामानं, काचेवर ओरखडा येतो तो त्याच्या भिंतीचा. कंपनीच्या ओरखड्यात कोण राहतं? मी म्हणायचो, कंपनी लपवत तर नाही. घेणाऱ्याला माहीत असतं. फसवणूक नेमकी कुणाची? तू म्हणायचास, मग घ्यायचं कशाला. मी म्हणायचो, आवडतं म्हणून, आणि तू रोज दाढीला मेंदी लावतोस ती कशाला. तू म्हणायचास, मेंदी सगळ्यांना दिसते, त्यात लपवलेलं काय आहे. मी म्हणायचो, हेच तर मी घड्याळाचं म्हणतोय. मग तू चिडायचास आणि चहाचा कप अर्धा टाकून उठायचास, आणि दुसऱ्या दिवशी नवा मुद्दा घेऊन यायचास. रात्री झोपताना विचार करून ठेवलेला असायचा, तुझ्या तोंडावरूनच कळायचं.

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. मी भांडणात निखिलला आणलं की तू गप्प व्हायचास. मी म्हणायचो, बघ ना, तुझ्या त्या सोंगानंच माझं पोर माझ्याजवळ आलं, मग सोंग वाईट कसं? समोरचं घड्याळ उचलायचास आणि भिंग लावायचास. मला वाटायचं, जिंकलो.

आज तिसरा दिवस, तुझी जियारत झाली. निखिल काल रात्रीच्या गाडीनं निघून यवतमाळमार्गे पोचला होता. फातेहा झाल्यावर लोक पांगले आणि आम्ही बापलेक तुझ्या अंगणातल्या बाजेवर बसलो. तो बराच वेळ माझ्या मनगटाकडे पाहत होता. मग म्हणाला, "पप्पा, एक सांगायचं होतं. चाचांनी मला तेव्हाच सांगितलं होतं."

मी म्हणालो, काय सांगितलं होतं?

त्या दिवाळीला पाडव्याच्या सकाळी, मी पूजेत असताना, तो फराळाचा डबा घेऊन एकटाच तुझ्या दुकानात आला होता म्हणे. आदल्या दिवशी घड्याळ हातात घेतल्यापासून त्याला काहीतरी वेगळं वाटत होतं. त्यानं तुला सरळ विचारलं, चाचा, तुम्ही हे उघडलं होतं का? आणि त्यानं विचारलं म्हणून तू सांगितलंस. चिंच, हळद, गेरू, अंडी, सगळं. निखिलला तुझे शब्द अजून पाठ आहेत. तो तुझ्यासारखंच बोलून दाखवत होता आणि डोळे पुसत होता.

"चाचा म्हणे, तुह्या बापाले वाटलं का तुले कोणी फसवलं. तुले वाईट वाटू नये म्हणून त्यानं थे चुपचाप नवं करून घेतलं. मंग तुले वाईट वाटू नये म्हणूनच परत जुनं करून घेतलं. मले हे झूट पसंत नाई, पण तुह्या बापाले तुह्याशी सरळ बोलताच येत नाई, तं तो बिचारा काय करीन? तूच बोलत जाय."

निखिल म्हणाला, "मला वाटायचं तुम्हाला फक्त दुकान दिसतं. त्या दिवशी मी चाचांच्या बाकावर बसून रडलो. आणि त्यांनी सांगितलं, बापाले समजू देजो नको, त्याले वाटू दे का त्याचं जमलं."

रशीद, मी काय करायला पाहिजे होतं? मयताचं घर, भिंतीला टेकून बसलेल्या बायका, आणि मला हसू आलं. आवरेना. खांदे हलायला लागले तर लोकांना वाटलं मी रडतोय, आणि खरं सांगतो, थोड्या वेळानं तेही सुरू झालं. भाभी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. निखिलकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. म्हणाल्या, "तुमाले आत्ता समजलं का भाऊ? मी तं ह्यायले तवाच म्हणत होती, सुधाकरभाऊले सांगून टाका. तं म्हणे, राहू दे, तो रोज येऊन एवढा खूश होऊन जाते."

म्हणजे मी तुझ्यासमोर बसून निखिलचं नाव घेत छाती फुगवायचो तेव्हा तू भिंग लावून हसू लपवत होतास. तू एकदाही खोटं बोलला नाहीस, हे मी आज सबंध दुपार तपासून पाहिलं. 'बरं झालं' म्हणालास, ते बरंच झालं होतं. जमलं असं तू कधी म्हणालाच नाहीस, ते मीच म्हणत राहिलो. आणि आपल्या त्या भांडणात तुझ्या हातात इतका पक्का पत्ता असताना तू तो कधी खेळला नाहीस. सोंगानं नाही, खरं सांगितल्यानं तुझं पोर जवळ आलं, एवढं म्हटलं असतंस तर मी त्याच दिवशी हरलो असतो. तू हरलेला राहिलास. एवढी वर्षं, रोज, चहाच्या कपासकट.

आता संध्याकाळ झाली आहे. आत निखिल मंदाशी बोलतो आहे, मधूनच माझं नाव निघतं आणि दोघं हसतात. मी पडवीत बसून हे लिहितो आहे आणि मला बरं वाटतं आहे. तू गेलास याचं दुःख आहेच, ते काही कुठे जात नाही. पण बरंही वाटतं आहे, आणि तू ते समजून घेशील.

फक्त एक दुरुस्ती राहिली, ती करून ठेवतो. इतकी वर्षं मी तुझे आभार मानले ते घड्याळासाठी. पोरासाठी मानायचे होते.

तुझा,
सुधाकर